लेनिन मागच्या अंगणात

आज किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, भाचीच्या घरमालकीणबाईंनी चहाला बोलावलं. (भाची इथे एमबीबीएसला आहे, तिच्या वर्गात अर्धा मराठवाडा!) आजी सत्तरीच्या. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी सोव्हिएत काळातलं बचतीचं पासबुक काढलं. मे १९९३ मध्ये सोम हे नवं चलन आलं, २०० रूबलला १ सोम. "आयुष्यभराच्या साठवणीत काय आलं?" मी विचारलं. भाचीने आजींचं रशियनमधलं उत्तर मराठीत सांगितलं, "बूट. तेही नवऱ्याला घट्ट झाले." आजी स्वतःच खो खो हसल्या.

मग आला-तू चौकात फिरून आलो. इथला लेनिनचा पुतळा २००३ मध्ये हलवला, पण फोडला नाही. इतिहास संग्रहालयाच्या मागे तो अजून हात उंचावून उभा आहे. मला हे आवडलं, उगाच कशाला खोटं बोलू. शेजारीच 'व्हाइट हाउस', म्हणजे इथली सरकारी इमारत. २००५, २०१० आणि २०२०, तीन वेळा लोक आत घुसले आणि सत्ता कोसळली. २०१० मध्ये गोळीबारात ८० हून जास्त माणसं गेली. त्यांच्या स्मारकात माणसं काळा दगड ढकलून पांढऱ्यापासून वेगळा करताहेत.

आजींचा मुलगा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. निघताना त्यांनी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली. विमानात नेऊ देतील का, कुणाला माहीत आहे?