गोडी लागते कशी, सुटते कुठे

‘मोबाइल आले आणि मुलांचं वाचन गेलं’ हे वाक्य आता इतकं रुळलंय की त्यावर कुणी उलट प्रश्नही विचारत नाही. मोबाइलचा वाटा आहेच. पण ज्या मुलाच्या हातात मोबाइल नाही तेही वाचत नसेल, तर दोष कुणाला देणार? वाचन सुटतं ते बहुतेक वेळा दोन ठरावीक टप्प्यांवर. एक तिसरी-चौथीत, दुसरा सातवी-आठवीत. दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच औषध मिळतं: वाचनाच्या महत्त्वावर भाषण.

आधी तिसरी-चौथी. मूल मुळाक्षरं ओळखतं, बाराखडी घडाघड म्हणतं, आईवडील निश्चिंत होतात. मग पुस्तकात ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या’ असा एक शब्द समोर येतो. सात अक्षरं, त्यातली तीन जोडाक्षरं, दोन अनुस्वार, एक समास आणि शेवटी चिकटलेला प्रत्यय. मोठ्या माणसाचा डोळा त्यावरून सहज पुढे सरकतो. मूल ‘स्वा... तं...’ करत ‘च्या’पर्यंत पोचेतो वाक्य कशाबद्दल होतं तेच विसरून गेलेलं असतं. त्यात देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या आहेत. ‘सूर्य’मधला र आधी उच्चारायचा, पण तो बसतो पुढच्या य च्या डोक्यावर. ‘किती’ची पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, उच्चारायची नंतर. ‘दुसऱ्या’तला र पुन्हा तिसऱ्याच रूपात. हे सगळं आपोआप व्हायला सराव लागतो, आणि तो सराव व्हायच्या आतच पाठ्यपुस्तकातले धडे लांब झालेले असतात.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले ती भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल आणि पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकणारं, घरी अस्खलित मराठी बोलणारं मूल, दोघांचंही मराठी पुस्तक मिटलेलंच राहतं. पण पहिल्याचं पुस्तकातली भाषा परकी म्हणून आणि दुसऱ्याचं लिपी उलगडायला वेळ लागतो म्हणून. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण भारतातल्या शिक्षणाच्या पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ साली ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८. म्हणजे निम्म्या वर्गाच्या बाबतीत गोडीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. ज्याला चालताना धाप लागते त्याला ट्रेकिंगची आवड का नाही, असं आपण विचारतोय.

आपलं मूल यातल्या कुठल्या बाजूला अडलंय हे पाच मिनिटांत कळतं. न वाचलेलं एक गोष्टीचं पुस्तक घ्या. अर्धं पान मुलाला मोठ्याने वाचू द्या, उरलेलं अर्धं तुम्ही वाचा. दोन्ही वेळा एकच प्रश्न: ‘काय झालं?’ तुम्ही वाचलेलं नीट सांगता आलं आणि स्वतः वाचलेलं नाही, तर अडचण लिपीची. स्वतः भराभर वाचूनही काही सांगता येत नाही आणि तुमचं ऐकूनही नाही, तर अडचण भाषेची किंवा विषयाच्या अनोळखीपणाची. मूल पानभरात पाचांहून जास्त शब्दांवर अडलं, तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवावं. अडखळून स्वतःच सुधारलेला शब्द यात धरू नका. तो तर प्रगतीचा पुरावा. इंग्रजीतले ‘मिनिटाला इतके शब्द’ हे तक्ते मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात, आकडा कमीच येणार.

लिपीत अडलेल्या मुलाला ‘चांगलं साहित्य’ नको, सोपं आणि पुष्कळ हवं. जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं मराठीत आहेत, पण चौथीतला मुलगा ती सगळ्यांसमोर हातात घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याला पहिलीच्या वर्गात वाचून दाखवायचं काम देणं. आठवड्यातून दोनदा, एकच पुस्तक. लहानांसमोर फजिती नको म्हणून तो घरी तेच पुस्तक तीन-चार वेळा वाचून येतो. सोपं पुस्तक वाचल्याची लाज नाही, आणि एकच मजकूर पुन्हापुन्हा वाचल्याने जी गती येते ती फुकटात मिळते.

भाषेत अडलेल्या मुलाला वाचून दाखवणं हाच रस्ता. इथे घराघरांत एक चूक ठरलेली आहे: मूल वाचायला शिकलं की आईवडील वाचून दाखवणं बंद करतात. म्हणजे बक्षीस म्हणून शिक्षा. मुलाला ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजण्याच्या बरंच पुढे असतं, आणि हे अंतर प्राथमिक शाळेची सगळी वर्षं टिकतं. तेव्हा पाचवी-सहावीपर्यंत वाचून दाखवा. रोज १५ मिनिटं पुरेत. जेवण झाल्यावर ते झोपेपर्यंतच्या वेळेत एक वेळ ठरवा. आवाजात फार नाट्य नको, नाहीतर मूल तुमच्याकडेच बघत बसतं. बोट शब्दांखाली फिरवू नका, पण पुस्तक दोघांना दिसेल असं धरा. प्रकरण संपल्यावर थांबू नका. ऐन पेचात थांबा आणि पुस्तक उशाशी ठेवून द्या. पुढचं पान मुलाने स्वतःच उलटलं तर कळूनही न कळल्यासारखं करा.

आणि प्रश्न विचारू नका. ‘यातून काय शिकलास?’ या एका प्रश्नाने जितकी पुस्तकं मिटली आहेत तितकी कुठल्या गेमने मिटली नसतील. तात्पर्य, सारांश, आवडलेलं पात्र, पाच नवीन शब्द आणि त्यांचे अर्थ, असं सगळं वहीत लिहायचं म्हटल्यावर मूल पुस्तक निवडतं ते पानं मोजून. कमीत कमी पानांचं. बोलायचंच असेल तर आधी तुम्ही बोला: ‘तो म्हातारा मला काही पटला नाही बुवा.’ त्यावर मूल वाद घालतं, आणि वाद घालताना सगळी गोष्ट सांगून टाकतं.

बक्षिसांचंही तेच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग या बाबतीत नेहमी आठवावा. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर हीच मुलं चित्रांकडे कमी वळत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही. ‘सुट्टीत ५० पुस्तकं वाचा, ढाल मिळवा’ या योजनांचं पुढे काय होत असेल ते यावरून समजावं. ढाल मिळते, जूनमध्ये वाचन थांबतं. द्यायचंच असेल तर पुस्तक द्या, तेही मुलाने दुकानात स्वतः निवडलेलं.

आता शाळेतलं कपाट. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, मुलं ओळीत बसतात, फोटो निघतो. (फोटोत एखादं पुस्तक उलटं धरलेलं असतंच.) दुसऱ्या दिवशी कुलूप. यामागे शिक्षकांचा आळस असतो असं मला वाटत नाही. पुस्तक नोंदवहीत चढलेलं असतं, हरवलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो, आणि फाटक्या पुस्तकाचं निर्लेखन करायचं, म्हणजे ते नोंदीतून रीतसर काढून टाकायचं, तर कागदपत्रांचा वेगळाच उद्योग. त्यापेक्षा कुलूप बरं. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. अडतं ते पुस्तकं मुलांच्या हातात कशी पडतील इथे.

माझ्या मते वर्षाला दहातलं एक पुस्तक जाणार हे मुख्याध्यापकांनी आधीच मान्य करावं आणि तसं वर्गात सांगून टाकावं. तीस मुलांच्या वर्गाला सुरुवातीला ९० पुस्तकं लागतात, म्हणजे मुलामागे तीन. त्याहून कमी असतील तर महिन्याभरात ‘सगळी वाचून झाली’ सुरू होतं. त्यातली साठेक १६ ते २४ पानांची, मोठ्या टाइपाची, वीस-पंचवीस मध्यम, उरलेली जाड, ज्यांच्याकडे मुलांनी नुसतं बघत राहावं अशी. दर सहामाहीला शेजारच्या वर्गाशी तिसरा हिस्सा बदलून घ्या. पुस्तकांचा कणा दिसेल अशी रांग लावू नका, पातळ पुस्तकाला कणा नसतोच. भिंतीवर मुलांच्या छातीच्या उंचीला सुतळी ताणा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी लटकवा. नोंदवही मुलांकडेच द्या; रकाने चारच: तारीख, पुस्तक क्रमांक, नाव, परत. ‘अभिप्राय’ हा पाचवा रकाना आखायचा मोह टाळा. उशिराचा दंड नको. दंड झालेलं मूल पुस्तक परत करतं, पण दुसरं नेत नाही.

पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात. सेलोटेप लावू नका; वर्षभरात ती पिवळी पडते, चिकट डाग ठेवते आणि निघताना छपाई घेऊन निघते. गंजकी पीन काढा, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ आतल्या बाजूला. पाचवी-सहावीची मुलं हे उत्तम करतात, आणि शिवलेलं पुस्तक वाचून बघतातच.

सातवी-आठवीत प्रकरण वेगळं. इथे लिपी येत असते, आवडही असते. जातो तो वेळ, आणि जातात सोबतचे वाचणारे. शिकवणी, शिष्यवृत्तीचे सराव संच, त्यात वर्गात वाचणारा एकटाच असेल तर त्याची चेष्टा. शिवाय १२ ते १५ या वयासाठी मराठीत कपाट विरळ: अलीकडे चांदोबाछाप गोष्टी, पलीकडे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. या वयात मालिका कामी येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इतका टिकला त्याला त्याची वीसेक पुस्तकं असणं हेही कारण आहे. एक संपलं की पुढे काय वाचायचं हा प्रश्नच उरत नाही. ग्रंथालयाने या गटासाठी वेगवेगळी चाळीस पुस्तकं घेण्यापेक्षा वीस पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात. तेराव्या वर्षी एकट्याने वाचण्यापेक्षा मित्रानेही वाचलेलं असणं महत्त्वाचं असतं.

भुताच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची चरित्रं, कॉमिक्स, मोबाइलवर ‘प्रतिलिपी’ या ॲपवरच्या प्रेमकथा, यांना नाक मुरडू नका. तीनशे पानांची सुमार कादंबरी संपवणाऱ्या मुलीकडे वाचायची ताकद आहे, तिला पुढचं पुस्तक देता येतं. आणि जी मुलं इंग्रजीत भरपूर वाचतात त्यांना ‘वाचत नाहीत’ म्हणू नका. त्यांचं वाचन शाबूत आहे, फक्त मराठीची गती मागे राहिली आहे. त्यांच्यासाठी एकांकिका घ्या. वाक्यं छोटी, भाषा बोलण्यातली, पात्रं वाटून घेतली की एकाच्या वाट्याला सलग अर्धं पानही येत नाही. चार जण, ४० मिनिटं, पाठांतर नाही, हातवारे नाहीत, नुसतं बसून वाचन. पहिल्या वाचनाला रडतखडत होतं. दुसऱ्यांदा विनोद कळायला लागतात.

पैसे नसतील तरी अडू नये. पाठ्यपुस्तक मंडळाचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या मिळतात, उतरवून छापताही येतात. छापताना ए-फोर कागदावर आडवं, पाठपोट, ‘बुकलेट’ हा पर्याय निवडून छापा. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतील. त्यावर मुलं काहीबाही लिहितात, लिहू द्या.