गोलाईच्या सोळा वाटा

लातूर न पाहिलेल्या माणसाला तिथली गोल बाजारपेठ, गंजगोलाई, सांगायची तर मी आधी कागद घेते. गोल कापायचा, चार वेळा बरोबर मध्यावर दुमडायचा आणि उलगडायचा. सोळा घड्या मधोमध भेटतात, दोन घड्यांमधला कोन साडेबावीस अंशांचा. वर्गात वर्तुळ शिकवताना मी दरवर्षी हेच करते आणि एखादं लेकरू ओरडतंच, "बाई, ही तर गोलाई!"

मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत, आणि तिथं येऊन मिळणारे सोळा रस्ते. जिल्ह्याच्या माहितीत बांधकामाचं साल १९१७ दिलंय, आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती, मालाला वाट मिळाली होती. गंज म्हणजे मालाची पेठ, आणि गोलाई पेठेसाठीच आखलेली. चौकोनी बाजारात कोपऱ्यावरचं दुकान भाव खातं, आतलं मागं पडतं. वर्तुळाला कोपराच नसतो. मला ही आखणी फार न्यायाची वाटते.

माझे अण्णा भुसार लाइनीत एका अडतीवर मुनीम होते. मी आठ वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन जायची. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "चुकलीस तर देवळापाशी जाऊन थांब. इथल्या सगळ्या वाटा तिथंच येतात." एकदा चुकलेच. देवळाला फेरी मारून निघाले ती भलत्याच वाटेला लागले. मिरच्यांच्या ढिगापाशी शिंकून बेजार झाले, मागं वळले. दुसऱ्या वाटेला नव्या चपलांच्या कातड्याचा वास. तिसरीकडं गुळाच्या ढेपा, त्यांच्यावर माशा. मग तुरीचा धुरळा नाकात गेला आणि पायांना आपोआप वाट कळली. अण्णा मालाच्या हिशेबाची पट्टी लिहीत होते. शाई वाळेपर्यंत मान वर केली नाही, मग म्हणाले, "उशीर झाला?" मी नुसती मान हलवली.

तेव्हापासून कापड लाइन, सराफ लाइन, भुसार लाइन ही मला रस्त्यांची नावं वाटतच नाहीत, वास वाटतात.

गेल्या महिन्यात वर्गातली मुलं गोलाईला नेली. वरच्या मजल्याची गोलाई त्यांना दाखवायची होती, भिंत कशी वळत जाते ते. पण जिथं बघावं तिथं फ्लेक्स. खालून गाडे, दुचाक्या, वरून बोर्ड. शंभर वर्षांची वळणदार भिंत मध्येच पट्टीएवढी दिसते. मला मनापासून वाईट वाटलं. निदान वरचा मजला तरी मोकळा करा, दुकानाचं नाव खाली लिहिलं तरी गिऱ्हाईक येतंच की.

मुलांना म्हटलं, रस्ते मोजा. एकाचे चौदा आले, एकीचे सतरा. गाड्यांमागं काही तोंडं दडली होती, काही दोनदा मोजली गेली. मग एकेका वाटेच्या तोंडाशी एकेक लेकरू उभं केलं आणि ओळीनं आकडे म्हणायला लावले. सोळाव्यानं आकडा म्हटला तेव्हा त्याच्या शेजारच्या तोंडाशी पहिलाच उभा होता.