३८१६५४७२९० आणि सातची कसोटी

तीनशे एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. शून्य ते नऊ सगळे अंक एकेकदाच आलेत, पण खरी मजा पुढं आहे. डावीकडून दोन अंक घ्या, ३८, दोननं भाग जातो. तीन घ्या, ३८१, तीननं जातो. ३८१६ चारनं, ३८१६५ पाचनं, असं करत करत अख्खी संख्या दहानं. दहा अंक एकेकदाच वापरून हे जमणारी ही एकच संख्या आहे बघा, दुसरी नाहीच!

जुळे सोलापुरात संध्याकाळी माझ्याकडं स्कॉलरशिपची पोरं येतात, कसोट्या त्यांना तोंडपाठ असतात, पण त्या एकमेकींना कशा धरून चालतात ते या संख्येत दिसतं म्हणून मी फळ्यावर दहा रिकामे चौकोन काढून देतो. पाचव्यात ५, दहाव्यात ०, हे लगेच येतं. मग सम जागी सम अंक, विषम जागी उरलेले विषम. चौथ्या जागी ४ किंवा ८ टाकून बघा, आधीचा अंक विषम असल्यामुळं १४, ३८, ७४ असलं काहीतरी होतं आणि चारनं भाग जात नाही, म्हणजे तिथं २ नाहीतर ६च. आठव्या जागीपण तेच. सहाच्या कसोटीसाठी चौथा, पाचवा, सहावा यांची बेरीज तीनच्या पाढ्यात हवी, म्हणून मधे २५८ किंवा ६५४, बास. नऊची काळजीच नाही, १ ते ९ ची बेरीज ४५ असतेच.

एकूण मांडण्या ३६,२८,८००. तीन आणि आठची कसोटी पण लावली की उरतात फक्त दहा! त्यात चक्क ९८७६५४३२१० आहे, ती बाकी सगळीकडं पास होते पण ९८७६५४३ ला सातनं भागलं की बाकी ५ उरते, गेली. मला स्वतःला इथं फार भारी वाटतं, कारण ज्या सातची कसोटी पोरं टाळतात तोच सात शेवटी निकाल लावतो.

कसोटी अशी, शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्यातून वजा करत जायचं. ३८१६५४७ घ्या. ३८१६५४ वजा १४, ३८१६४०. शून्य गेला, ३८१६४. मग ३८१६ वजा ८, ३८०८. ३८० वजा १६, ३६४. ३६ वजा ८, २८. सात चोक अठ्ठावीस! उरलेल्या नऊपैकी एकही इथं टिकत नाही.

अंक परत वापरायची सूट दिली तर हा खेळ २५ अंकांपर्यंत जातो, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, आणि याच्यापुढं कुठलाही अंक जोडा, २६ नं भाग जातच नाही.