कोकणात परत कोण आले: माणसे की घरे?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आले, रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. कोकणातील घरे आणि स्थलांतर यांविषयी मी जे काही वाचतो आणि नोंदवून ठेवतो, त्याची सुरुवात या आकड्यांपासून होते, कारण पुष्कळदा ते एकाच घराण्याचा प्रवास सांगतात. राजापूर किंवा संगमेश्वर तालुक्यातून लालबाग-परळच्या चाळीत गेलेला गिरणी कामगार, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर सुटलेली नोकरी, पुढे चाळीतील खोली विकून नालासोपारा, विरार, दिवा किंवा बदलापूरला घेतलेली सदनिका, आणि त्या व्यवहारातून उरलेल्या पैशांत गावी बांधलेले स्लॅबचे घर. माणसे उपनगरांच्याही पलीकडे सरकली. गावाकडे परतले ते त्यांचे पैसे आणि त्या पैशांचे घर. शहरातून गावाकडे होणाऱ्या स्थलांतराचा अभ्यास करताना घराचे परतणे आणि माणसाचे परतणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ही गल्लत सर्वाधिक झाली ती करोनाच्या काळात. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावी पोचले, जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौदा-चौदा दिवस विलगीकरणात राहिले, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातील घरांची छपरे उडवली तेव्हा कित्येक वर्षांनी प्रथमच छपरावर चढायला घरातलीच तरुण माणसे हजर होती. वर्तमानपत्रांतून उलट्या स्थलांतराचे युग सुरू झाल्याचे लेख आले. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील एकूण काम करणाऱ्यांमध्ये शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला, आणि अनेकांनी हा आकडा त्या युगाचा पुरावा मानला. परंतु शहरातला रोजगार गेल्यावर घरच्या शेतीत हात लावणे आणि गावी कायमचे राहायला येणे यांत मोठे अंतर आहे. त्याच सर्वेक्षणाच्या जुलै २०२० ते जून २०२१ या फेरीत, मार्च २०२० नंतर आलेल्या आणि पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिलेल्या तात्पुरत्या पाहुण्यांची स्वतंत्र नोंद घेतली गेली. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ०.७ टक्के भरले. आमच्या भागात तर कोण थांबणार आणि कोण जाणार हे ऑगस्ट २०२१ मध्ये लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी मुंबईची लोकल खुली झाल्यावर लगेच दिसून आले. बहुतेक जण गेले.

तरीही जे घडले त्याला शून्य म्हणणे चूक ठरेल, आणि इथेच मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न येतो. २०११ ची प्रत्यक्ष लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. त्या वर्षी धूलिवंदन २० मार्चला होते. म्हणजे शिमग्याच्या पालखीसाठी गावी येणारे चाकरमानी येण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच मोजणी संपली होती. पुढील गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे आणि त्या वर्षीचा शिमगाही मार्चच्या उत्तरार्धातच आहे. फेब्रुवारीत कोकणातली वाडी वर्षातील सर्वांत ओस अवस्थेत असते. मे महिन्यात किंवा गणपतीत तीच वाडी तिप्पट वाटते. वर्षातले अडीच-तीन महिने गावी आणि उरलेले शहरात राहणारे हे कुटुंब दोन्हींकडे पूर्ण अर्थाने नांदत असते: शिधापत्रिका एकीकडे, घरपट्टी दुसरीकडे, मुलांची शाळा एकीकडे, कुळाचार आणि गणपती दुसरीकडे. जनगणनेच्या तक्त्याला मात्र त्याचा एकच पत्ता हवा असतो.

घरांच्या बाबतीत तर हा पेच अधिकच घट्ट होतो. २०११ मध्ये देशात सुमारे २ कोटी ४७ लाख घरे रिकामी नोंदवली गेली. गोव्यात हे प्रमाण साधारण पाच घरांमागे एक असे होते. पण कुलूप लावलेले, आत भांडीकुंडी, देव्हारा आणि वीजजोडणी असलेले घर रिकामे मानायचे की नाही, हे प्रगणकाला शेजाऱ्याला विचारून ठरवावे लागते, आणि शेजारच्या घरालाही कुलूपच असले तर तेही जमत नाही. त्यातच पुढील जनगणनेतील घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ यांमधील तीस दिवस राज्यांनी निवडायचे अशी व्यवस्था आहे. मे महिन्यात यादी केली तर कोकणात दारे उघडी दिसणार आणि जुलैत केली तर बंद, इतका फरक केवळ महिन्याच्या निवडीने पडतो. या यादीचा अर्थ लावणाऱ्याने कोणत्या जिल्ह्यात कोणत्या आठवड्यात घरे पाहिली गेली, हे आधी तपासावे.

माझ्या पाहण्यातल्या वाड्यांमध्ये माणसे कमी झाली, पण घरे वाढली आहेत. पूर्वी जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे, ओटी-पडवी-माजघर असलेले एक मूळ घर आणि त्यात चार भावांचे संसार असत. आज मूळ घर गणपतीपुरते उघडते, आणि भोवतीच्या परड्यात प्रत्येक भावाने आपापले स्वतंत्र घर उठवलेले असते. त्यात शौचालय आत असते, वर पाण्याची टाकी असते, गाडीसाठी जागा सोडलेली असते. ही घरे दिखाव्यासाठी बांधली आहेत, अशी टीका मी ऐकतो, आणि ती मला अन्यायाची वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत हयात काढलेल्या माणसाला स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या नावाचे घर हवे असणे ही साधी आणि समजण्यासारखी इच्छा आहे. चिंता आहे ती मूळ घराची. त्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले काही हयात नसतात, काहींच्या वारसांची नोंद झालेली नसते, आणि त्यामुळे वासा बदलण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळतो. एका पावसाळ्यात वाळवी लागलेला वासा कोसळतो आणि पुढच्या पावसाळ्यात मातीच्या भिंती भिजून बसतात.

वाटणी न झालेली ही सामाईक मालकी परतू इच्छिणाऱ्यांच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा आहे. रस्ते आणि नेटवर्क यांवर लिहिले जाते तितके यावर लिहिले जात नाही. घरदुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज काढायचे तर सर्वांची संमती लागते. एक भाऊ सुरतेत, एक बहीण सासरी आणि एक चुलतभाऊ आखातात असला की ती मिळता मिळत नाही. २४ एप्रिल २०२० ला जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले, आणि देशावरच्या गावांत, जिथे घरे एका गावठाणात दाटीने वसलेली असतात, तिथे त्याचा उपयोग उघड आहे. कोकणात मात्र घरे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांमध्ये, पुष्कळदा गावठाणाच्या हद्दीबाहेर, शेतजमिनीच्याच क्रमांकात असतात. देशावरच्या वस्तीचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली योजना इथे अपुरी पडते.

बाहेरून जमीन घेणाऱ्यांविषयी थोडेच लिहितो, कारण तो वेगळा विषय आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील चिपी आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपा हे विमानतळ सुरू झाल्यानंतर सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या पट्ट्यात भूखंडांच्या जाहिराती वाढल्या आहेत. ही गुंतवणूक आहे. तिला शहरातून गावाकडे झालेले स्थलांतर म्हणू नये.

मग खरोखर राहायला कोण आले? मला दिसतात ते प्रामुख्याने दोन गट. पहिला निवृत्तांचा. साठीच्या आसपास नवरा उत्साहाने गावी येतो, काजू-आंब्याची कलमे लावतो, देवस्थानच्या कामात रमतो; बायको पुष्कळदा विरारलाच राहते, कारण सून नोकरीला जाते आणि नातवंडांकडे पाहायला कोणीतरी हवे असते. पंचाहत्तरीनंतर हृदयविकार किंवा डायलिसिसची गरज निर्माण झाली की तोही मुलाकडे परत जातो. रुग्णालयाच्या अंतराने ठरणारे हे दुसरे स्थलांतर कोणत्याही सर्वेक्षणात मला नीट उमटलेले दिसत नाही, आणि ते पाहून मनाला फार लागते, कारण या माणसांनी आयुष्यभर वाट पाहून मिळवलेली दहा-पंधरा वर्षे अशी अर्धवट तुटतात. दुसरा गट लहान आहे, पण माझ्या आशेचा आहे: तिशी-चाळिशीतील जोडपी, जी प्रक्रिया उद्योग, घरगुती पर्यटन किंवा वाहनसेवेवर जम बसवून राहिली आणि ज्यांची मुले गावच्या शाळेत आहेत.

म्हणून माझी नोंदवही आता तीन गोष्टींभोवती फिरते. शाळेची पटसंख्या ही पहिली, कारण सणासाठी आलेले कुटुंब मुलाचे नाव शाळेत घालत नाही. दुसरी म्हणजे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येणारी, जमीन-घरांच्या नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, जिच्यातून विकणारा आणि घेणारा कोण, हे कळते. तिसरी वीजबिल. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे एकाच बिलावरून घर वर्षातले किती महिने राबते आहे, हे वाचता येते. ज्यांनी आपुलकीने बिले दाखवली त्यांच्या घरांत मे आणि गणपतीचा महिना उंच आणि बाकीचे वर्ष सपाट, असाच आलेख बहुधा दिसतो. काही घरांचा आलेख मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत हळूहळू भरत चालला आहे. अशाच घरांमध्ये पुढील काही महिने बसून, त्यांनी वाटणीचा, दवाखान्याचा आणि शाळेचा प्रश्न कसा सोडवला, हे विचारायचे आहे. लांजा, गुहागर किंवा देवगडकडच्या वाचकांपैकी कोणी असे राहायला आले असतील, तर त्यांनी मला जरूर कळवावे.