कार्ड बंद करायची घाई

मी कर्ज सल्ल्याच्या डेस्कवर बसतो आणि आमच्याकडे माणूस येतो तो बहुतेक उशिराच, म्हणजे वसुलीचे फोन सुरू झाल्यावर. पण मागच्या वर्षी एक नवरा-बायको आले त्यांचं उलटंच होतं, एकही ड्यू डेट चुकलेली नाही, एकदाही लेट फी नाही, आणि तरी क्रेडिट स्कोअर घसरत चाललेला. काही महिन्यांत घराच्या कर्जाला अर्ज करायचा होता. नवऱ्याच्या मोबाईलमध्ये दोन मेल टाईप करून तयार होते, दोन क्रेडिट कार्डं बंद करा म्हणून, आणि माझ्याकडून फक्त "हो, पाठवा" एवढंच ऐकायला आलेले.

म्हटलं आधी आकडे दाखवा.

पहिल्या कार्डाचं लिमिट दोन लाख, देणं बाकी १ लाख ९० हजार. दुसऱ्याचं लिमिट एक लाख, बाकी ८० हजार. तिसरं सगळ्यात जुनं, लिमिट दीड लाख, बाकी शून्य, वार्षिक फी पण नाही. साडेचार लाखांच्या लिमिटवर २ लाख ७० हजार देणं म्हणजे ६० टक्के वापर, आणि स्कोअर का पडतोय ते तिथेच दिसत होतं. लोकांना वाटतं वेळेवर भरलं की झालं. फिको म्हणून अमेरिकेतली स्कोअर काढणारी कंपनी आहे, तिच्या सूत्रात वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे खरं, पण देणं किती आहे त्यालाही ३० टक्के आहे, बाकी स्कोअरवाल्यांचं गणित थोडं वेगळं असेल पण वापर सगळेच बघतात. साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, ती काही लक्ष्मणरेषा नाही, जितका कमी तितकं बरं.

आणि हा भाऊ पहिल्या कार्डावर फक्त मिनिमम भरत होता, ५ टक्के, म्हणजे साडेनऊ हजार. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६,६५० व्याजातच जात होते आणि मुद्दल हलत होतं जेमतेम २,८५० नी. बायकोने हा आकडा ऐकला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की मी उगाच प्रिंटरकडे जाऊन आलो.

बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे पहिल्या कार्डाचं देणं नवीन कार्डावर हलवणं, त्यांना आधीच मंजूर झालं होतं, नवीन कार्ड, लिमिट दोन लाख, १२ महिने शून्य टक्के, फी ३ टक्के. ऑफर चांगली होती, फी ५,७०० म्हणजे पहिल्या कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजापेक्षाही कमी. फक्त १,९५,७०० बारा महिन्यांत संपवायचे तर महिन्याला १६,३०० च्या वर भरावे लागतात, नुसतं मिनिमम भरत राहिलं तर वर्ष संपल्यावर उरलेल्या रकमेला पुन्हा नेहमीचं व्याज. एखादा हप्ता चुकला तर काही ठिकाणी शून्य टक्केच रद्द होतं. आणि त्या कार्डावर नवीन खरेदी करायची नाही, बाकी असताना खरेदीला बिनव्याजी दिवस बहुतेक मिळतच नाहीत, हे ऑफरच्या पहिल्या पानावर कधीच लिहिलेलं नसतं.

मग त्या दोन मेलवर आलो. ट्रान्सफर झाल्यावर पहिलं आणि तिसरं कार्ड बंद करायचा त्यांचा बेत होता. मी कागदावर मांडून दाखवलं, चारही कार्डं ठेवली तर साडेसहा लाखांच्या लिमिटवर २,७५,७०० देणं म्हणजे ४२ टक्के, दोन बंद केली तर तेच देणं तीन लाखांवर, म्हणजे ९२ टक्के! कर्ज एका पैशाने वाढलं नाही आणि घराच्या कर्जाच्या तोंडावर स्कोअरची वाट लागली असती. (जुनं कार्ड बंद केलं की क्रेडिटचं वय लगेच कमी होतं असंही म्हणतात, ते तितकंसं खरं नाही, बंद झालेलं चांगलं खातं रिपोर्टमध्ये बरीच वर्षं राहतं. खरा फटका लिमिटचा.)

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "सर, गणित समजलं, पण लिमिट मोकळं दिसलं की माझा हात थांबत नाही."

आता यावर कुठलंही सूत्र नाही. माझं मत स्पष्ट आहे, हात खरंच थांबत नसेल तर स्कोअर गेला खड्ड्यात, कार्ड बंद करा, कारण ट्रान्सफर करून रिकाम्या झालेल्या कार्डावर पुन्हा कर्ज चढलं की माणूस दुप्पट अडकतो, आणि हे मी फार वेळा बघितलंय. पण इथे बायकोच बोलली, "अहो, दोन्ही कार्डं माझ्याकडे द्या, आणि ते शॉपिंगच्या ॲपमधलं सेव्ह केलेलं आत्ता इथेच काढा." त्याने काढलं. पहिल्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद केले, तिसऱ्या जुन्या कार्डाला फक्त मोबाईलचं बिल लावलं आणि ते पूर्ण ऑटो डेबिटने भरायचं ठरलं. पहिलं कार्ड घराचं कर्ज मंजूर झाल्यावर बंद करायचं.

जाताना दोन गोष्टी बजावल्या. ट्रान्सफर जमा झालेलं दिसेपर्यंत पहिल्या कार्डाचा हप्ता भरत राहायचा. आणि नंतर त्याच कार्डाचं एक छोटं बिल येईल, स्टेटमेंटपासून ट्रान्सफरच्या तारखेपर्यंतचं व्याज, ते फालतू समजून सोडायचं नाही, तेवढ्यावरून लेट लागतो.

ते बिल आलं, बायकोने भरलं. पण पुढच्या महिन्यात नवऱ्याचा वैतागून फोन, स्कोअर वाढायचा सोडून थोडा उतरलाय. म्हटलं नवीन कार्डासाठी बँकेने केलेली चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली गेलीये आणि ते कार्ड सध्या जवळजवळ भरलेलं आहे, हप्ते जातील तसं सुटेल, तोवर दुसरीकडे कुठे अर्ज करू नका. आणि ड्यू डेट तर चुकवू नकाच, पण जास्तीचे पैसे भरायचे असतील तर स्टेटमेंटच्या दोन-तीन दिवस आधी भरा, कारण रिपोर्टमध्ये सहसा स्टेटमेंटवरची बाकी जाते. तो म्हणाला, "हे आधी का नाही कोणी सांगत?"

मी त्याला स्टेटमेंटची तारीख विचारली. त्याला माहीत नव्हती, मागून बायकोने सांगितली.