ललत अखेर सुरात टिकला : मसाई पठार आणि एकशे दोनची स्प्रिंग

केसरबाई केरकरांच्या ललत रागाचा तवा (ग्रामोफोनची रेकॉर्ड) काल पहाटे पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकाच षड्जावर वाजला. गणपतीनंतर मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण कळवण्यासारखं काही हातात नव्हतं. आता सगळं सविस्तर लिहिते. ज्यांच्याकडे एचएमव्हीचा एकशे दोन पोर्टेबल, म्हणजे चावीचा पेटीवजा ग्रामोफोन आहे, त्यांना ही अडचण आज ना उद्या येणारच.

बेत तुम्हाला ठाऊकच आहे. शरदात, पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की पहाटेच पठारावर जायचं, तव्याच्या षड्जात तंबोरा लावायचा आणि एक बाजू वाजवायची. तीन-सव्वातीन मिनिटांत तवा संपतो, पण तंबोरा चालू ठेवायचा आणि त्याच सुरात समोरचं बघत बसायचं. मग दुसरी बाजू. तंबोरेवाले काका आपला मिरजेचा तंबोरा घेऊन येतात, चावी मी देते. मला विचाराल तर ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तव्याची खरी गंमत यातच आहे. गायिकेने तीन मिनिटांत मांडलेला राग तव्याबरोबर संपत नाही, नंतरची दहा मिनिटं तो गवतावर, उन्हावर पसरत राहतो.

पण याच पद्धतीमुळे अडचण उघडी पडली. नुसता तवा ऐकताना सूर हळूहळू उतरला तरी कान त्याच्याबरोबर उतरतो, कारण मागची सारंगीही तेवढीच उतरते. शेजारी खरा तंबोरा असला की असं पांघरूण पडत नाही. पठारावर टर्नटेबल ७८ फेऱ्यांनी सुरू व्हायचं आणि तवा संपता संपता ७५वर यायचं. तीनच फेऱ्या! पण हिशेब करा. एक अर्धस्वर म्हणजे साधारण सहा टक्के. ७८चे ७५ झाले की जवळपास चार टक्के गेले, म्हणजे षड्ज शुद्ध निषादाच्या वाटेवर दोन तृतीयांश अंतर उतरला. आणि राग कोणता, तर ललत. पंचम नाही, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी, तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली. तव्यातला तीव्र मध्यम घसरत घसरत तंबोऱ्याच्या शुद्ध मध्यमाला भिडायला निघायचा. काकांनी एकदा तारांवरून हात काढून घेतला आणि म्हणाले, "बंद कर गं, ऐकवत नाही." मलाही ऐकवत नव्हतं.

आता चोर कोण, याचा शोध. पिनेच्या ओढीवर पहिला संशय अनेकांचा जातो, पण तो इथे टिकत नाही. तव्याच्या बाहेरच्या कडेला त्रिज्या मोठी, म्हणून पिनेचा अडथळा तिथे जास्त जाणवतो. आत जाऊ तसं ओझं कमी होतं. ओढीमुळे वेग पडत असता तर तो सुरुवातीला पडला असता. आमचा पडायचा शेवटी.

मग गव्हर्नर, म्हणजे मोटरचा वेग आवरणारा भाग. त्याच्या फेल्टचं लाकूड झालं होतं. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून चांगल्या लोकरी फेल्टचा तुकडा मिळाला, तो कापून बसवला, तेलाचा एक थेंब दिला. याने एक फार सुंदर गोष्ट झाली : लांब सुरांतली ती बारीक थरथर गेली. केसरबाईंचा आकार कसा सरळ, भरीव उभा राहतो हे इतकी वर्षं माझ्या मशीनवर मला नीट ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवशी एकच बाजू पुन्हा पुन्हा लावली. पण घसरण तशीच. ती तशीच राहणार होती, कारण गव्हर्नर फक्त लगाम आहे. जास्तीचा वेग तो खेचून धरतो, कमी पडलेला भरून देऊ शकत नाही. तवा चालू असतानाच चावीचे थोडे वेढे दिले की सूर झटकन जागेवर यायचा. म्हणजे जोर कमी पडत होता.

जोर कमी म्हणजे स्प्रिंग दमली, असं मी धरून चालले आणि मुंबईच्या एका विक्रेत्याकडून नवी मागवली. आली ती रुंदीलाच वेगळी, ड्रममध्ये बसेचना. बदलून द्यायला त्याने जी टाळाटाळ केली, त्यावरून एवढंच सांगते : स्प्रिंग मागवताना जुन्या स्प्रिंगची रुंदी कॅलिपरने मोजून लेखी कळवा आणि "एकशे दोनला चालते" या शब्दावर पैसे पाठवू नका.

उलगडा झाला तो ऑक्टोबर हीटमुळे. घरी दुपारी जुन्या ट्यूबलाइटखाली ७७ रेघांची स्ट्रोबची चकती ठेवून बघायचे, तर रेघा तवाभर जागच्या जागी, म्हणजे वेग बरोबर ७८. (एलईडीखाली हा खेळ बहुधा जमत नाही, जुनी चोकवाली ट्यूब हवी.) पठारावर पहाटे मात्र कागदाची चिठ्ठी लावून फेऱ्या मोजल्या, की वीस सेकंदांत सव्वीस हव्यात त्या शेवटी पंचवीसच भरायच्या. एकदा वैतागून पेटी तशीच कातळावर उन्हात सोडली आणि आम्ही मसाई देवीच्या देवळाकडे जाऊन आलो. परत येईपर्यंत नऊ-साडेनऊ झाले होते, पेटी हाताला चटका देत होती. सहज म्हणून तवा लावला. शेवटपर्यंत पक्का षड्ज! शरदाचं असंच असतं ना, पहाटे शाल आणि दुपारी टोपी. तोच शरद आमच्या मोटरला पहाटे गोठवत होता आणि दुपारी मोकळं करत होता. स्प्रिंग धडधाकट होती. तिच्या वेढ्यांमधलं ग्रीस गारठ्यात घट्ट होऊन जोर खाऊन टाकत होतं. मधूनच ड्रममधून जो धप्प आवाज यायचा, त्याचाही अर्थ मग लागला : चिकटलेले वेढे अचानक सुटत होते.

उन्हात पेटी तापवून ललत वाजवता येतो, पण नऊ वाजता ललत कोण ऐकणार? तोवर वारा सुटतो, दरीतलं धुकं निघून जातं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे ड्रम उघडला, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पूजेसाठी दुकान झाडून-पुसून काढलेलं, झेंडूच्या माळांचा ढीग कोपऱ्यात. आधी स्प्रिंग पूर्ण उतरवली, हातात चामड्याचे मोजे घातले, मगच झाकण काढलं. यात घाई करू नका, गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटं फाडते. आत जे दिसलं ते बघून मिस्त्री म्हणाले, "ह्यात कुणी काय घातलंय ओ हे?" मूळच्या ग्रॅफाइटच्या काळ्या थरावर कुणीतरी पूर्वी गाडीच्या बेअरिंगचं पिवळं जाड ग्रीस कोंबलं होतं. दोन्ही मिळून गोळीबंद पाकासारखं झालं होतं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडावं लागलं. रॉकेल आता कुठलं मिळायला, डिझेलमध्ये धुतलं. एकेक वेढा फडक्याने पुसत गेलो तसा निळसर पोलादी रंग वर आला. आतलं टोक जिथे हुकात अडकतं, त्या भोकाभोवती भिंगातून पाहिलं. तडा बहुतेक तिथेच जातो. नव्हता. मग पातळ लिथियम ग्रीसमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून हलका हात फिरवला. भरपूर भरायचं नाही, वेढ्यांना घसरता आलं की पुरे. स्प्रिंग हाताने परत ड्रममध्ये बसवताना मिस्त्रींच्या मनगटांची जी ताकद दिसली, ती माझ्यात नाही. हे काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पैसे विचारले तर म्हणाले, "गाणं ऐकवा एकदा, बास." दुसऱ्या दिवशी पूजेला मशीन घेऊन गेले. लेथला माळ, ग्रामोफोनलाही माळ, आणि खांसाहेब अब्दुल करीम खाँचा झिंझोटी.

दसरा झाला आणि काल आम्ही गेलो. फोनवर तापमान १७ अंश, म्हणजे मशीनची खरी परीक्षा. पन्हाळ्याच्या पश्चिमेचं हे जांभ्याचं सपाट पठार आत्ता सोनकीने पिवळं आहे. तेरडा सुकत आलाय, त्याचा गुलाबी पट्टा फक्त पाणथळ कडेला उरलाय, आणि गवताच्या शेंड्यांना तांबूस छटा आलीय. खाली कासारीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं, पूर्वेला पन्हाळ्याची काळी कड. गवतावर इतकं दहिवर होतं की पेटीखाली घोंगडी घातली आणि तवा शेवटच्या क्षणापर्यंत फ्लॅनेलमध्ये ठेवला.

काकांनी मध्यम लावला. पिन टेकवली. लाखेच्या तव्याची ती खरखर, आणि मग आवाज. दुसऱ्या मिनिटाला मी मोजणं सोडून दिलं, कारण काकांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं थांबली नव्हती. शेवटी केसरबाई तार षड्जाला गेल्या, तेव्हा तंबोऱ्याचा आणि तव्याचा षड्ज वेगळा काढता येत नव्हता. तवा संपला, ब्रेक लावला, तंबोरा चालूच. पन्हाळ्याच्या कडेवरून ऊन आलं ते आधी सोनकीवर पडलं आणि मग सगळं पठार एकदम पिवळंधमक झालं. दोन मध्यमांच्या मधली ती जागा कानात होती. खरंच सांगते, ललत मला या पठारावर कळला. रात्र आणि सकाळ दोन्ही एकाच वेळी समोर असतात आणि राग त्यातलं एकही सोडत नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथे फार जाणवते. केसरबाईंच्या या गायकीचे, जयपूर-अत्रौली घराण्याचे, आचार्य अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. इथे, आपल्या कोल्हापुरात, त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९४६ साली ते गेले, पण त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण नाही. आपल्याला ते गाणं ऐकायचं तर केसरबाईंसारख्या शिष्यांच्या तव्यांतूनच. म्हणून तवा ७५ने वाजणं मला चालत नाही. जे थोडं हातात आलंय ते तरी जसं गायलं गेलं तसं ऐकायला मिळावं.

आता आवाजाच्या पसाऱ्याबद्दल. उघड्यावर एकशे दोन दबतो, हे मागेच बोललो होतो. याचा आवाज मागच्या बाजूने निघून झाकणावर आपटून पुढे येतो, म्हणून झाकण पूर्ण उघडं आणि आपण समोर, एवढं पथ्य हवंच. पेटी कमरेएवढ्या जांभ्याच्या कातळाला पाठ लावून ठेवली तर दहा-बारा पावलांवरही शब्द कळतात. पिना लाउड टोनच्याच, दर बाजूला नवी. तव्याच्या लाखेत दगडाची भुकटी असते ती पिनेला घासूनच खाचेत बसवून घेते, दुसऱ्यांदा तीच पिन वापरली तर घास तव्याला बसतो. जुन्या बाजारात गंजक्या पिनांच्या डब्या शोभेच्या किमतीला विकतात, त्या घेऊ नका. डबी कितीही सुंदर असली तरी.

लिहिता लिहिता एक सुचलं. पूर्वी काट्यांच्या पिना वापरत, त्यांनी तवा कमी झिजतो. पठाराच्या उतारावर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या आहेत. वाळलेला, सरळ, टणक काटा तासून साउंडबॉक्समध्ये (पिन धरणाऱ्या, आवाज काढणाऱ्या डबीत) बसतो का बघायला हवं. आवाज नक्कीच बारीक होईल, पण बंद खोलीत चालेल. आधी कडेला टवका उडालेल्या तव्यावर करून बघते.

कोजागरीचा बेत रंकाळा तलावाचा ठरला होता, तो मी बदलतेय. त्या रात्री रंकाळ्यावर पाय ठेवायला जागा नसते, त्यात आपला एकशे दोन कुणाला ऐकू जाणार? त्यापेक्षा काकांची गच्ची. तिथे पाण्याच्या टाकीची भिंत आहे, कातळाचं काम ती करेल. केसरबाईंचा नट कामोद आणि पुन्हा झिंझोटी, तंबोरा पंचमात. ग्रीस नवं असल्यामुळे चावी शेवटपर्यंत द्यायची नाही, दोन वेढे राखून. कुणाकडे साउंडबॉक्सच्या गॅस्केटची रबरी नळी शिल्लक असेल तर आणा, माझी कडक होत चाललीय आणि वरच्या सुरांत किंचित चरचर येतेय, पुढची लढाई तीच. मिस्त्री घरच्यांना घेऊन येणार आहेत, त्यामुळे मसाला दूध जरा जास्त लागेल.