आयगेन व्हॅल्यू दोनदा आली की

ठाणे-नेरुळ लोकलमध्ये उभ्या उभ्या, ऐरोली यायच्या आत एक तपासणी होते: मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूंची (मॅट्रिक्सने गुणल्यावर काही खास व्हेक्टर दिशा न सोडता जितक्या पट होतात, त्या संख्यांची) बेरीज कर्णावरच्या पदांच्या बेरजेइतकी आणि गुणाकार डिटरमिनंटइतका (दोन ओळींच्या मॅट्रिक्समध्ये कर्णावरच्या पदांचा गुणाकार वजा उरलेल्या दोघांचा) हवा. पहिली ओळ ३, १ आणि दुसरी −१, १ असलेलं मॅट्रिक्स घ्या. बेरीज ४, डिटरमिनंट ४, म्हणजे २ दोनदा.

खरी अडचण इथून पुढे. कर्णातून २ वजा केले की ओळी उरतात १, १ आणि −१, −१. आयगेन व्हेक्टरची, म्हणजे या मॅट्रिक्सने गुणून शून्य होणाऱ्या व्हेक्टरची, दिशा एकच, (१, −१). त्याला 'व' म्हणू. पण हे मॅट्रिक्स येतं डिफरन्शियल इक्वेशनच्या जोडीतून: व्हेक्टरचा टी या चलाने घेतलेला डेरिव्हेटिव्ह = मॅट्रिक्स गुणिले तोच व्हेक्टर. या जोडीला मात्र दोन स्वतंत्र उत्तरं लागतात. पहिलं उत्तर ई घात २टी गुणिले 'व'; बरेच जण त्यालाच टीने गुणून मोकळे होतात. एकाच चलाच्या दुसऱ्या ऑर्डरच्या समीकरणात ते चालतं, आणि तीच सवय इथे नडते: डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर ई घात २टी गुणिले 'व' हे पद शिल्लक राहतं, ते खोडायला समोर काहीच नसतं.

म्हणून दुसरा व्हेक्टर 'क' शोधा. वजाबाकीनंतरच्या मॅट्रिक्सने त्याला गुणल्यावर 'व' मिळाला पाहिजे. 'क'च्या पदांची बेरीज १ हवी, म्हणून (१, ०) चालतो, (०, १)सुद्धा. मित्राचा 'क' वेगळा दिसला तर लगेच खोडरबर उचलू नका. दुसरं उत्तर: ई घात २टी गुणिले (टी × व + क).